बर्बन चाखण्याची पूर्वतयारी

शत्रू करायचा की नाही, हे माणसाच्या हातात असतं. साडभाऊ, म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा, मात्र बायकोसोबत आपोआप येतो. माझ्या वाट्याला आलेले साडभाऊ म्हणजे वासुदेवराव. राहणार नागपूर, विमा कंपनीतून निवृत्त, आणि निवृत्त झाल्यापासून जगातल्या कोणत्याही विषयावर बोलायला मोकळे. त्यांचा मुलगा भूषण अमेरिकेत केंटकी नावाच्या मुलखात राहतो. तिथे म्हणे बर्बन नावाची व्हिस्की होते. वासुदेवराव त्या मुलखात एकदा जाऊन आले, आणि तेव्हापासून आमच्या सासरी साधं पाणीही कोणाला सुखानं पिता येत नाही. गिलास आधी उजेडात धरायचा, मग गोल फिरवायचा, मग हुंगायचा. तोवर जेवण होऊन जातं.

मी भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूरचा. धान खरेदी केंद्रावर ग्रेडर होतो. गावात अजूनही मला 'गिरेडर साहेब' म्हणतात आणि त्यात काही चुकीचं नाही. मूठभर धान नाकाशी नेलं की ते कोणत्या बोडीखालचं, म्हणजे कोणत्या तळ्याच्या पाण्यावरचं आहे, किती ओलं आहे आणि समोरचा शेतकरी किती खोटं बोलून राहिला आहे, हे मी सांगत असे. ओलावा मोजायचं यंत्र माझ्या शेवटच्या वर्षांत आलं. ते यंत्र पुष्कळदा बिघडायचं. माझं नाक कधी बिघडलं नाही.

तर गेल्या दसऱ्याला आम्ही सारे नागपूरला सासुरवाडीत जमलो होतो. वासुदेवरावांनी गच्चीवर पुरुषांना बोलावून दोन गिलास माझ्यापुढे ठेवले. दोन वेगवेगळ्या बर्बन, फरक सांगा, म्हणाले. माझ्या गालात त्या वेळी खर्रा होता. हे मी लपवत नाही, कारण माझ्या गालात कोणत्याही वेळी खर्राच असे. मी दोन्ही हुंगले आणि म्हटलं, दोन्ही सारखेच आहेत, करपलेल्या गुळासारखे. झालं. वासुदेवराव मांडीवर हात मारून हसले. "धानाचा गिरेडर म्हणे. याचं नाक पोत्यातच शिवून आलं वाटते." बाकीचेही हसले. माझ्या सासूबाईंना दोन्ही कानांनी ऐकू येत नाही, आणि त्या जिन्याखाली बसल्या होत्या, तरी त्याही हसल्या. ते मला लागलं.

"मंडईले या," मी म्हटलं. "असतील नसतील त्या बाटल्या घेऊन या. डोळ्याले पट्टी बांधा. नुसत्या वासावर सांगतो कोणती कोणती."

"आन् नाही सांगता आलं तर?"

"तर सासरच्या ग्रुपवर लिहून टाकतो, की माह्या नाकाले काही समजत नाही."

रागाच्या भरात माणूस काय बोलेल याचा नेम नसतो, आणि व्हाट्सॅपच्या जमान्यात तर बोललेलं परतही घेता येत नाही. पण माझा हिशेब अगदीच कच्चा नव्हता. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दुकानं, पाळणे, दंडारीचे खेळ, रात्रीचं नाटक, आणि घरोघर न बोलावता आलेले पाहुणे. त्या गर्दीत एक साडभाऊ आणि चार बाटल्या कोणाच्या नजरेत येणार, असं मला वाटलं.

दुसऱ्याच दिवशी वासुदेवरावांचा फोन. आवाजात दया. मला त्यांचा माज चालतो, दया चालत नाही.

"एक सांगतो. खर्रा खाऊन बर्बन समजत नाही. तुमची जीभ मेली आहे जी. ते जीभ नाही, चुन्याची डबी आहे. भूषण म्हणते, चाखणाऱ्यानं महिनाभर आधी तंबाखूले हात नाही लावाचा."

ज्यांना खर्रा माहीत नाही त्यांचं जीवन वाया गेलं, पण त्यांच्यासाठी सांगतो. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून घोटायचा आणि गालात धरायचा. आमच्या भागात मुलगी पाहायला गेलेला मुलगाही आधी खर्रा थुंकून मग चहा घेतो. मी तो नोकरी लागली त्या वर्षापासून खात आलो. लग्नात खाल्ला, साहेबापुढे खाल्ला, दवाखान्यात डॉक्टर 'खर्रा सोडा' म्हणत असताना खाल्ला. तो मी वासुदेवरावांच्या तोंडाला तोंड देण्यासाठी सोडला. एका माणसाच्या द्वेषात किती शक्ती असते हे कोणत्याही कीर्तनकारानं सांगितलं नाही.

पहिल्या आठवड्यात मी घरातल्या पंख्याशी भांडलो.

आता इकडे घरात काय चाललं होतं ते सांगितलं पाहिजे. माझी बायको विमला बचत गटाची अध्यक्ष. आमच्या वार्डात बस स्टँडच्या मागे दारूचं दुकान आहे, ते बंद करायचं म्हणून बायांनी सह्या गोळा केल्या होत्या. कायदा असा आहे की वार्डातल्या बायांचं मतदान होते. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली. वार्डात जितक्या बाया मतदार, त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त बायांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. घरी बसून राहिलेली बाई उभ्या बाटलीकडेच मोजली जाते. म्हणून घरोघर फिरणं आलं. आणि या सगळ्याचं पुढारपण विमलाकडे आलं, कारण 'जिच्या घरात बाटली कधी शिरली नाही अशी एवढीच बाई' असं धुरपतानं सभेत सांगितलं. धुरपता धानाच्या रोवणीवर जाणाऱ्या बायांची म्होरकी. तिचा नवरा कैलाश हमाली करतो आणि हमाली दुकानात नेऊन देतो. मतदान ठरलं मंडईच्या दुसऱ्या दिवशी.

आणि अशात एका सकाळी विमलानं पाहिलं की माझ्या खिशात पन्नी नाही.

"अजी, खर्रा नाही घोटला आज?"

"नाही."

"काहून?"

"सोडला."

एवढंच बोललो. 'कायले सोडला' असं तिनं विचारलं असतं तर मी काहीतरी सांगितलं असतं. तिनं विचारलंच नाही. ती हातात परात घेऊन स्वयंपाकघरात गेली, आणि मी न मागता तिनं तांदळाचे आयते, म्हणजे पातळ धिरडी, केले. आमच्या संसारात मी न मागता आयते मिळण्याचा हा पहिलाच प्रसंग. मला वाटलं, बाईचा मूड चांगला आहे. मी बावळट आहे हे मला पुष्कळ जणांनी सांगितलं आहे, पण त्यांच्यात वासुदेवराव असल्यामुळे मी ते मानत नव्हतो.

संध्याकाळी आमच्या अंगणात बायांची सभा होती. मी आत दिवाणावर पडून सुपारीचे विचार करत होतो. बाहेरून विमलाचा आवाज आला. "बायाहो, आपण दुसऱ्याच्या नवऱ्याले सोड म्हणतो. माह्या घरच्याले मी एक शब्द बोलली नाही. त्यायनं आपल्या मोहिमेसाठी स्वतःहून खर्रा सोडला." बाहेर टाळ्या. मी उठून बसलो. आता बाहेर जाऊन काय सांगणार? की बायाहो, गैरसमज झाला, मी व्हिस्की नीट पिता यावी म्हणून खर्रा सोडला? मी पुन्हा आडवा झालो.

त्या दिवसापासून मी रस्त्यानं निघालो की बाया पदर सावरून बाजूला होत. पानठेल्यावरचे माझे जुने सोबती मला पाहून पाठ फिरवत, जसा मी कोणी फितूर आहे.

इकडे वासुदेवराव फोनवर धडे देत होते. बर्बन म्हणजे मुख्य मका. मका! ज्या जिल्ह्यात तांदळाशिवाय दुसऱ्या धान्याला कोणी नमस्कार करत नाही, तिथे मी मक्याच्या दारूसाठी तपश्चर्या करत होतो. ती दारू आतून जाळलेल्या लाकडाच्या पिंपात मुरवतात, म्हणून तिला व्हॅनिला, जळका गूळ, कोळसा आणि चामडं यांचे वास येतात, आणि कोणत्या बाटलीला कोणता जास्त, ते त्यांनी मला पाठ करायला लावलं. एका बाटलीला तर तंबाखूचाही वास येतो, असं त्यांनी भूषणच्या हवाल्यानं सांगितलं. म्हणजे ज्या वस्तूसाठी मी तंबाखू सोडला, तिच्यात तंबाखू होता. मी फोन ठेवून दिला.

पण अभ्यास तो अभ्यास. मी बेकरीतून व्हॅनिलाची शिशी आणली, चुलीतून कोळसा घेतला, गूळ करपवला. रोज सकाळी मागच्या अंगणात बसून डोळे मिटायचे आणि एकेक हुंगायचं. राहिलं चामडं. घरात चामड्याची एकच वस्तू होती, माझी कोल्हापुरी चप्पल. मी ती नाकाशी धरली, डोळे मिटले आणि दीर्घ श्वास घेतला.

शेजारी चंद्रकुमार गुरुजी राहतात. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, पण कुंपणावरून डोकावायचं काम त्यांनी अजून सोडलेलं नाही. त्यांनी मला पाहिलं. आता आमच्याकडे माणसाला मिरगीचा झटका आला की चप्पल हुंगवतात, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. चप्पल हुंगण्याचं दुसरं कारण झाडीपट्टीत अजून निघालेलं नाही.

"गिरेडर साहेबाले फिट आली होऽ," गुरुजींनी शाळेच्या आवाजात सांगितलं, आणि मी डोळे उघडेपर्यंत अंगण भरलं होतं.

मी ओरडून सांगितलं की मला काही झालं नाही. मिरगीचा रोगी असंच म्हणतो, म्हणून त्यांनी मला आणखी घट्ट धरलं. पार्वताबाई नावाच्या एका म्हाताऱ्या शेजारणीनं माझ्या मुठीत लोखंडी किल्ली कोंबली. ती तिच्या संदुकीची होती आणि परत मिळेपर्यंत ती आमच्या ओट्यावरून उठली नाही. औषधाच्या दुकानाचे भय्याजी आले. त्यांच्याकडे प्रत्येक रोगाचा एक नातेवाईक असतो. "माह्या मामाचं असंच झालं. एकदम तंबाखू सोडला. मेंदू कोरडा पडला जी." कोणी म्हणालं कांदा फोडा. कांदा फोडला. कोणी म्हणालं दुसरी चप्पल, ही जुनी आहे, तिचा गुण गेला. मग गावातल्या निरनिराळ्या चपला माझ्या नाकाशी आल्या. चामड्याचा माझा अभ्यास त्या दिवशी पुरा झाला, एवढं मात्र खरं आहे. एकानं रबरी स्लिपर आणली होती, त्या मूर्खाला मी अजून बोलत नाही.

गर्दी पांगली. विमला माझ्याजवळ येऊन बसली. तिनं पदराआडून एक पन्नी काढली. ताजा घोटलेला खर्रा. आयुष्यभर ज्या पानठेल्याकडे तिनं मान वळवून पाहिलं नाही, तिथे ती स्वतः जाऊन आली होती.

"खा जी," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मले नाही पाहिजे असलं मतदान. तुमाले काही झालं तर ते बाटली आडवी करून मी काय करू?"

त्या खर्र्याचा वास मी विसरणार नाही. ओली सुपारी, ताजा चुना. माझा हात अर्धा पुढे गेला. तेवढ्यात मला वासुदेवराव आठवले आणि त्यांचा मांडीवर पडणारा हात आठवला. मी पन्नी बाजूला सारली.

"नाही," मी म्हटलं. "आता सोडला म्हणजे सोडला."

विमला माझ्या पायाशी वाकली. मी म्हटलं अवो, काय करून राहिली, पण ती पाया पडून आत निघून गेली. मला लाज वाटली. खरं सांगायचं तर फार लाज वाटली, आणि तरी मी तोंड उघडलं नाही. आता खरं सांगितलं तर बाईचं जे काही उभं राहिलं होतं ते सगळं कोसळलं असतं. 'जिच्या घरात बाटली शिरली नाही' त्या घरात मंडईला चार शिरणार होत्या. वासुदेवरावांना येऊ नका म्हणायचं तर ग्रुपवर नाक कापून घ्यायचं. मी दोन्हीकडून अडकलो होतो, आणि या अवस्थेत माणूस जे करतो तेच मी केलं. म्हणजे एका तिसऱ्याच कामाला लागलो.

ते काम म्हणजे परवाना. आपल्या राज्यात घरात बसून विदेशी दारू प्यायची तरी परवाना लागते. लोक काढत नाहीत, तो भाग वेगळा. मी सरकारी धान मोजलेला माणूस आहे, बेकायदा काही करणार नाही. हा परवाना म्हणे प्रकृती जपण्यासाठी देतात, हे वाचून मला फारच धीर आला. तो दारूच्या दुकानातही मिळते, पण आमच्या दुकानासमोर विमलाचा मांडव होता. म्हणून मी एसटीनं भंडाऱ्याला गेलो. भंडाऱ्याच्या अलीकडे कारध्याच्या पुलावर बस थांबली तेव्हा परत फिरावं असंही मनात आलं, पण तिकीट पुढचं होतं.

उत्पादन शुल्काच्या कचेरीत मी चष्मा काढून, मफलर गुंडाळून गेलो. खिडकीशी तोंड उघडणार, तोच आतून एक साहेब बाहेर आले. हेच सह्या तपासायला लाखांदूरला आमच्या घरी येऊन चहा पिऊन गेले होते.

"अरे, तुम्ही विमलाताईंचे मिस्टर ना? खर्रा सोडला ते? बसा, बसा. तब्येत कशी आहे? फिट येतात असं ऐकलं."

लाखांदूर ते भंडारा जो रस्ता एसटीला सोसत नाही, तो बातमी कशी पार करते देव जाणे. त्यांनी चहा मागवला. दोन माणसांना बोलावून मला दाखवलं. "पाहा, असा नवरा पाहिजे. मतदानाची विचारपूस करायला एवढ्या लांबून आले." मी मान हलवली आणि परवान्याचं नावही काढलं नाही. निघताना त्यांनी माझ्या काखेत मतदान कसं करावं याच्या पत्रकांचा गठ्ठा दिला. परतीच्या बसमध्ये मांडीवर तो गठ्ठा, आणि प्रत्येक पानावर आडवी बाटली.

मंडईच्या दिवशी दुपारी वासुदेवरावांची गाडी दारात थांबली. पुढच्या सीटवर पट्टा बांधून चार बाटल्या ओळीनं बसल्या होत्या. माझी साळी, म्हणजे वासुदेवरावांची बायको करुणा मागच्या सीटवर पिशव्या मांडीवर घेऊन आखडून बसली होती. "बाटल्या उभ्याच ठेवा लागते," वासुदेवरावांनी खुलासा केला. "आडवी केली की दारू बुचाले लागते, बूच खराब होते." मी त्यांना हळू बोलायला सांगितलं. या घरात ते वाक्य किती भयंकर आहे हे त्यांना कसं कळणार?

विमला बायांना घेऊन शेवटच्या फेरीला गेली होती, करुणाही हौसेनं तिच्यामागे गेली. आम्ही मधल्या खोलीत शिरलो आणि दार लोटलं. कडी लावता आली नाही, कारण तिच्यावर गेल्या मंडईत एका पाहुण्यानं ओला टॉवेल वाळत घातला होता आणि ती तेव्हापासून गंजली होती. इतक्यात चंद्रकुमार गुरुजी आत आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. "निष्पक्ष पंच पाहिजे ना," ते म्हणाले. "मी घेणार नाही. फार तर शैक्षणिक दृष्टीनं थोडी." गुरुजींनी स्वतःचा गिलास आणला होता.

वासुदेवरावांनी चारही बुचं काढली. एका बाटलीवर घोडा होता, एकीवर दाढीवाला, एकीवर नुसता आकडा, चौथीवर जळकं पिंप. चार गिलासांत थोडी थोडी ओतली. माझ्या डोळ्यांवर विमलाची कोशाची रेशमी ओढणी बांधली. वासुदेवराव म्हणाले, घोट घ्यायचा, तोंडात फिरवायचा आणि थुंकायचा. मी म्हटलं, थुंकायचंच होतं तर खर्रा काय वाईट होता?

पहिला गिलास नाकाशी आला.

आणि बाप्पा, काय सांगू. महिनाभर उपाशी ठेवलेलं नाक ते. त्या गिलासात मला गूळ दिसला, नुकता विझवलेला निखारा दिसला, नवी चप्पल दिसली, आणि त्याच्याही मागे उन्हात वाळत घातलेल्या धानाचा उबट वास आला. दसऱ्याला मी त्याला 'सारखंच' म्हणालो होतो. मी किती गाढव होतो. "हे," मी म्हटलं, "ही नक्कीच..."

बाहेर ढोलकी वाजली. मग दारात बायांचा कल्लोळ. विमलाचा आवाज सगळ्यात वर. "हे आतच असतील. त्यायले काही सांगितलं नाही मी. शाल आणली आहे, अचानक द्याची आहे."

मला सत्काराचं काही ठाऊक नव्हतं. मला एवढंच कळलं की खोलीत चार बाटल्या आहेत आणि दाराला कडी नाही. पट्टी सोडायला वेळ नव्हता. मी आंधळ्यासारखा हात फिरवला, मिळेल ती बाटली धरली आणि दिवाणाखाली सारली. दिवाण ठेंगणा. उभी मावेना. आडवी केली. दुसरी आडवी केली. तिसरी, चौथी. बुचं वासुदेवरावांच्या मुठीत होती. ते "अरे, अरे, काय करता" म्हणत होते आणि मी त्यांना चूप करत होतो. गुरुजींनी प्रसंग ओळखून आपला गिलास एका दमात रिकामा केला.

दार उघडलं. मी पट्टी वर सरकवली. वार्डातल्या सगळ्या बाया दारात, पुढे विमला, हातात शाल, मागे धुरपता, तिच्या हातात नारळ. आणि दिवाणाखालून एक तांबूस ओहोळ निघाला, फरशीवरून चालत चालत त्यांच्या पायांपर्यंत गेला. सगळ्या खोलीत व्हॅनिला, गूळ, कोळसा. चामड्याचाही वास होता, पण समोर इतक्या चपला होत्या की खात्रीनं सांगता येत नाही.

धुरपतानं वाकून दिवाणावरची चादर उचलली. चार बाटल्या ओळीनं आडव्या पडल्या होत्या आणि भळाभळा वाहत होत्या. मी डोळे मिटले. संपलं, मला वाटलं. विमलाचं पुढारपण संपलं, उद्याचं मतदान संपलं.

"बायाहो," धुरपता म्हणाली, "पाहा वो. पाहुण्यायनं अमेरिकेची दारू आणली, आन् साहेबानं पाहुण्याच्या डोळ्यादेखत आडवी केली."

मग जे झालं ते मला नीट आठवत नाही. ढोलकी पुन्हा सुरू झाली. माझ्या अंगावर शाल पडली. कोणीतरी म्हणालं, पाहुण्यानं आडवी करू दिली म्हणून त्यालाही हार घाला. वासुदेवरावांना हार घातला. त्यांच्या मुठीत अजून चार बुचं होती आणि डोळ्यांत पाणी होतं. बायांना वाटलं त्यांना गहिवरून आलं आहे. फोटो निघाले. 'आडव्या चार बाटल्या' अशा नावानं ते फोटो मंडईतलं नाटक सुरू व्हायच्या आत तालुकाभर गेले, आणि केंटकीत भूषणनं बापाला फोन करून विचारलं की त्यांना काय झालं आहे. मंडईचं नाटक न पाहता वासुदेवराव नागपूरला परतले. ग्रुपवर त्यांनी त्यानंतर एक शब्द लिहिलेला नाही. मीही लिहिलं नाही, कारण मी पहिला गिलास ओळखला होता हे सांगायला साक्षीदार फक्त गुरुजी होते, आणि ते 'मी तिथे नव्हतोच' म्हणून सांगत फिरत होते.

दुसऱ्या दिवशी मतदान झालं. ज्या बाया कधी ग्रामसभेला आल्या नाहीत त्याही रांगेत होत्या. 'गिरेडर साहेबाची बाटली पाह्यली काय' एवढंच सगळ्यांच्या तोंडी. दुपारून मोजणी झाली आणि बाटली आडवी झाली. दुकानाला कुलूप लागायचा हुकूम निघाला. विमलाला बायांनी खांद्यावर घेतलं. तिला मी इतकं हसताना लग्नातही पाहिलं नव्हतं.

दिवेलागणीला ती घरी आली. हातपाय धुतले. मधल्या खोलीत येऊन तिनं दिवाण सरकवला आणि फरशी पुसायला घेतली. मी दारात उभा होतो.

"एक विचारू काय जी?"

"विचार ना."

"बाटल्या आडव्याच कराच्या होत्या, तर चार गिलास कायले मांडले होते?"

मी दाराची गंजलेली कडी हलवून पाहिली.

"आन् डोळ्याले माही ओढणी?"

"विमला," मी म्हटलं, "तो खर्रा मी..."

"ते मले नोका सांगू." ती फडकं पिळत होती. तिनं वर पाहिलं नाही. "मी तुमच्या पाया पडली होती जी. चार दिवस रोज देवाले म्हणत होती, का माह्या नवऱ्याले सुखरूप ठेव." तिनं फडकं बादलीत टाकलं. "आता सुटला ना? मंग सुटलाच राहू द्या. गावाले मी सांगून बसली आहे."

मला ओरडावंसं वाटलं, हात जोडावेसे वाटले, आणि खर्रा खावासा वाटला. तिन्ही एकदम. तेवढ्यात ओट्यावर कोणी खाकरलं. धुरपताचा नवरा कैलाश. अंघोळ केलेला, भांग पाडलेला, आणि हात थरथरत असलेला. धुरपता फाटकाशी थांबली होती, आत यायची हिंमत नव्हती तिची.

"साहेब," तो म्हणाला, "दुकान तर बंद होईन. पण मले सुटत नाही. तुम्ही कसं सोडलं, तेवढं सांगा. जसं सांगान तसं करतो."

मी विमलाकडे पाहिलं. तिनं पदरानं हात पुसले, खुर्ची उचलून ओट्यावर नेली, कैलाशला तीत बसवलं आणि माझ्यासाठी पाट टाकला. मग माझ्या कानाशी आली.

"सांगा त्याले," ती म्हणाली. "खोटं नोका बोलू. आन् खरं तर बिलकूल नोका सांगू."